फ्रिजवरचा नंबर

मागच्या रविवारी खालच्या आजींनी मला त्यांच्या घराची किल्ली दिली आणि फ्रिजवर मॅग्नेटने लावलेला एक कागद दाखवला. कागदावर फक्त एक फोन नंबर. म्हणाल्या, मी दार उघडलं नाही आणि तू आत येऊन बघितलंस आणि मी गेलेली असले, तर आधी माझ्या मुलाला कळव आणि लगेच ह्या नंबरवर पण कर, उशीर करू नकोस. मला वाटलं चर्चचा असेल, नाहीतर वकिलाचा. तर म्हणे युनिव्हर्सिटीचा. "माझा मेंदू त्यांना द्यायचं ठरलंय ना, तो वेळेत न्यावा लागतो." आणि एवढं बोलून त्यांनी मला विचारलं, चहात दूध किती घालू.

खूप महिन्यांत इथे काही लिहिलं नव्हतं. थंडी, चार वाजता होणारा अंधार, घरभाडं सगळं लिहून झालंय, आणि इंदूरला आता प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी बाहेर आहे, त्यामुळे एडिनबरात कोथिंबीर मिळते का ह्यात कोणाला काय रस. पण त्या दिवशी वर येऊन पोहे भिजवले आणि तसेच विसरले, पार लगदा झाला, एवढं डोकं हललं होतं. म्हणून बसले.

आजी पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. जुनी दगडी बिल्डिंग, लिफ्ट नाही. त्यांचं वय एकोणनव्वद. मी त्यांना आजीच म्हणते, अर्थही सांगितलाय, आवडतं की नाही देव जाणे, इथे कोणी तोंडावर सांगत नाही. रतलामी शेव मात्र आवडते, बशीत घेऊन चमच्याने खातात, मला बघवत नाही पण काय बोलणार.

तर युनिव्हर्सिटीला त्यांचाच मेंदू कशाला, तर झालं असं की ४ जून १९४७ ला स्कॉटलंडमधल्या, १९३६ साली जन्मलेल्या जवळपास सगळ्या शाळकरी मुलांची एकाच दिवशी एकच परीक्षा घेतली. ७०,८०५ मुलं, पंचेचाळीस मिनिटं, बुद्धिमत्ता चाचणी. त्याच्या आधी १ जून १९३२ ला १९२१ च्या मुलांची अशीच घेतली होती, ती ८७,४९८. हेतू काही फार गोड नव्हता. तेव्हाच्या तिथल्या शहाण्यांना भीती वाटत होती की ज्या घरांत खंडीभर मुलं होतात ती मुलं कमी हुशार निघतात, मग पिढ्यानपिढ्या देशाची अक्कल उतरत जाणार. निघालं भलतंच, १९४७ ची सरासरी १९३२ पेक्षा थोडी वरच आली. झालं, वह्या बांधून ठेवून दिल्या आणि पुढची पन्नास वर्षं कोणी फारसं विचारलं नाही. नव्वदच्या दशकात मानसशास्त्रज्ञ इयन डियरी आणि त्यांच्या एका सहकाऱ्याला त्या वह्यांची आठवण झाली, तर एडिनबरातल्या एका तळघरात त्या सगळ्या जशाच्या तशा. मग २००४ पासून एडिनबरा युनिव्हर्सिटीने ती मुलं हुडकायला घेतली, म्हणजे तोवर ती सत्तरीची झालेली. ह्या भागातली १,०९१ माणसं मिळाली. अभ्यासाचं नाव लोदियन बर्थ कोहॉर्ट १९३६, म्हणजे लोदियन भागातला १९३६ च्या जन्माचा गट. त्यातल्या एक आमच्या आजी.

तेव्हापासून दर तीनेक वर्षांनी वेस्टर्न जनरल हॉस्पिटलला जायचं. स्मरणशक्तीच्या चाचण्या, हाताची पकड किती घट्ट, सहा मीटर चालायला किती सेकंद, फुफ्फुसात हवा किती, रक्त, डोळ्याच्या पडद्याचा फोटो, मेंदूचा एमआरआय. आणि अकराव्या वर्षी सोडवलेला तोच पेपर म्हातारपणी परत सोडवायला दिला! आजींना १९४७ च्या त्या दिवसाचं काही म्हणजे काही आठवत नाही, बाई कडक होत्या एवढंच आठवतं.

मेंदूदानाचा धक्का दोन दिवसांत ओसरला. आपल्या इंदूरला काय कमी आहे त्यात, अवयव न्यायला रस्ते रिकामे करून ग्रीन कॉरिडॉर किती वेळा केलेत, नेत्रदान तर आमच्या रामबागेत अर्ध्या गल्लीने केलंय. मला झोप येऊ दिली नाही ती त्या वह्यांनी. सत्तर हजार मुलांचे मार्क, पन्नास वर्षं, आणि एकालाही वाटलं नाही की जागा अडतेय, रद्दीवाल्याला बोलवा? आमच्याकडे माझ्या दहावीच्या वह्या निकाल लागायच्या आधी गेल्या होत्या, किलोच्या भावाने.

आणि लगेच बाबा आठवले, कारण बाबा आणि आजी एकाच वयाचे. म्हणजे असावेत. इथेच तर सगळी गंमत आहे. बाबांची जन्मतारीख कागदावर १ जुलै १९३८. आता तुमच्या घरात डोकावून बघा, वडील, काका, मामा, निम्म्यांचा वाढदिवस १ जुलैला निघेल. शाळा जुलैत उघडायची, मास्तरांनी पोराकडे बघितलं, उंची बघितली, लिहून टाकलं. आमची आजी, खरी आजी, सांगायची की बाबा झाले त्या रात्री अनंत चतुर्दशी होती, मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघाल्या होत्या आणि सुईण गर्दीत अडकून पडली. झांक्या म्हणजे सप्टेंबर धरा. जुलै तर नाहीच नाही. साल कोणतं, तर आजी एकदा म्हणायची तुझ्या मोठ्या आत्याच्या पाठीवर दोन वर्षांनी, एकदा म्हणायची तीन, आणि आत्याची तारीखही १ जुलैच. हिशेब केला तर १९३६ येतं, फार तर १९३७. १९९६ च्या जूनमध्ये ते अठ्ठावन्नाचे म्हणून रिटायर झाले, तेव्हा खरे साठीला आले होते. सरकारला दोन वर्षं जास्त राबवून घ्यायला मिळालं असं बाबा म्हणतात, दोन वर्षं जास्त पगार मिळाला असं काका म्हणायचे.

तुम्ही म्हणाल त्याने काय बिघडलं. मीही हेच म्हणायचे. पण कॉफीची गोष्ट ऐका. ह्या अभ्यासात सत्तरीला जास्त कॉफी पिणारे चाचण्यांत जरा बरे निघाले. आता हे आपल्याकडे आलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या फॅमिली ग्रुपवर "कॉफी प्या, मेंदू तल्लख ठेवा" गुलाबाच्या फुलासकट आलं असतं. पण ह्यांच्याकडे तळघरातले मार्क होते. अकराव्या वर्षीचे मार्क आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतली तर कॉफीचा बहुतेक फायदा गायब! म्हणजे जी मुलं आधीपासूनच हुशार होती ती पुढे चांगल्या नोकऱ्यांत गेली आणि तिथे कॉफी पिणारी झाली. सुरुवात माहीत नसेल तर शेवटाकडे बघून काहीही सांगता येतं, कॉफी म्हणा, बदाम म्हणा, गोमूत्र म्हणा. आणि सुरुवात किती जोरदार असते तर म्हातारपणी माणसामाणसाच्या डोक्यात जो फरक दिसतो, त्यातला साधारण अर्धा अकराव्या वर्षीच दिसत होता. राहिलेल्या अर्ध्यासाठी ही सगळी धडपड, आणि त्यातही एक कुठली जादूची गोळी सापडली नाही, सिगरेट न ओढणं, शरीर चालतं ठेवणं, शिक्षण, अशा बारीक बारीक गोष्टींची चिल्लर जमते.

बाबांना हे सांगायची मला घाई झाली होती कारण बाबा रोज सकाळी शब्दकोडं सोडवतात आणि "ह्यानेच डोकं शाबूत आहे माझं" असं वीस वर्षं ऐकवतायत. तर २०१८ च्या डिसेंबरात अॅबर्डीनकडच्या १९३६ च्याच ४९८ जणांवरचा अभ्यास आला होता. त्यात निघालं की कोडी सोडवल्याने घसरण हळू होत नाही, पण आयुष्यभर डोकं लावायची सवय असलेले मुळात उंचावरून घसरायला लागतात. आणि त्याच्या आधी २०१२ मध्ये आमच्या आजींच्या गटातल्या ६३८ जणांचे स्कॅन बघून लिहिलं होतं की सत्तरीत जे जास्त हिंडते-फिरते होते त्यांचे मेंदू त्र्याहत्तरीला कमी आकसलेले दिसले, कोडी आणि वाचनाचा तसा काही परिणाम दिसला नाही. अर्थात चालल्याने मेंदू टिकला की ज्यांचा टिकला तेच चालू शकले, हे त्यावरून छातीठोक सांगता येत नाही, हे ते लोक स्वतःच सांगतात आणि ते मला फार आवडलं.

व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं. बाबा शांतपणे ऐकून म्हणाले, "त्याला स्कॉटलंड कशाला पाहिजे? सी. के. नायडू एकसष्टाव्या वर्षी उत्तर प्रदेशकडून रणजी खेळून राहिले होते. यशवंत क्लबच्या मैदानावर मी स्वतः बघितलंय त्यांना, होळकर टीमच्या वेळी. ते काय कोडी सोडवत होते?" ह्यावर काय बोलणार. होळकर टीमने चार वेळा रणजी जिंकली हे पुढचं वाक्य असतं, तेही आलंच.

पण खरं सांगू, मला थोडा रागही येतो. इथे ऑफिसात कोणी असं काही बोललं की वाटतं ह्यांनी म्हातारपण शोधून काढलं. स्कॉटलंडचं आयुर्मान पश्चिम युरोपात सगळ्यात कमी म्हणतात, मग एवढे स्कॅन काढून काय केलं? आणि आपण काही हातावर हात ठेवून बसलेलो नाही. मुंबईच्या आयआयपीएस ह्या लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने, हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीबरोबर, २०१७-१८ मध्ये लासी नावाची पाहणी केली, पंचेचाळीसच्या वरची आणि त्यांचे नवरा-बायको धरून बहात्तर हजारांहून जास्त माणसं, देशभरातली. वर्षानुवर्षं त्याच माणसांकडे परत परत जायचं असं ते काम आहे. आकड्यात तर आम्ही ह्यांना खाऊन टाकू. फक्त तळघर नाही. १९४७ च्या जूनमध्ये आमच्याकडे होळकरांचं राज्य होतं, दोन महिन्यांत काय होणार कोणाला पत्ता नव्हता, तेव्हा कोण मुलांचे आयक्यू मोजत बसणार, हेही खरंच आहे ना.

आणि मोजायच्या नसलेल्या गोष्टींचं काय? बाबा सकाळी राजवाड्यापर्यंत जायचे, आता गुडघ्यामुळे कोपऱ्यापर्यंतच जातात, पण त्या कोपऱ्यावर सहा म्हातारे बसलेले असतात. पोहे येतात, त्यावर शेव, जिरावण, एकमेकांच्या शुगरवरून भांडणं. वर भाडेकरूंची दोन लहान मुलं आहेत ती बाबांचा मोबाईल घेऊन पळतात. सानंद ह्या इंदूरच्या मराठी संस्थेचं नाटक असलं की कोणी ना कोणी गाडीत घालून नेतं. आजींना आठवड्यात तीन दिवस माझ्याशिवाय कोणी भेटत नाही. मुलगा टोरोंटोला, ख्रिसमसला येतो, चांगला आहे, रोज फोन करतो. मी एकदा मनात म्हटलंसुद्धा, एवढ्या म्हाताऱ्या आईला एकटं कसं ठेवतात हे लोक.

मग मला आठवलं की मी चौदा वर्षं इथे आहे, दादा पुण्याला, आणि रामबागेतल्या घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे.

पण ते वेगळं आहे. बाबांना इथे आणलं होतं एकदा, तीन महिने. सहाव्या आठवड्यात ते खिडकीत बसून खालून जाणाऱ्या बस मोजायला लागले. मला म्हणाले, इथे सगळं आहे गं, बोलायला कोणी नाही. तिकीट बदलून आधी पाठवलं. दादाकडेही जात नाहीत, पुण्याचे लोक बोलताना व्याकरण तपासतात म्हणे. त्यामुळे मी सोडून आले असं नाही, ते यायला तयार नाहीत, आणि खरंच तिकडे ते जास्त बरे आहेत. एकटं राहणं आणि एकटं पडणं ह्यात फरक आहे. हे मी आजींनाही समजावून सांगितलं, त्या म्हणाल्या "हो, माझा मुलगाही हेच सांगतो."

परवा परत कॉल केला तेव्हा मेंदूचं सांगितलं, आधी लपवलं होतं, उगाच घाबरतील म्हणून. घाबरले वगैरे काही नाहीत. दोन मिनिटं विचार करून म्हणाले, "एमवाय हॉस्पिटलला देहदानाचा फॉर्म मिळतो. भरून टाकतो मीपण. फक्त जन्मतारीख कोणती लिहू, खरी की सरकारी?" मी म्हटलं बाबा काहीतरीच काय. म्हणाले, "नाही, त्या बाईंचा मेंदू उघडला तर अकराव्या वर्षीच्या पेपराशी जुळवतील. माझा कशाशी जुळवणार? झांकीशी?" आणि स्वतःच एवढे हसले की ठसका लागला, मग काकू पाणी घेऊन आल्या.

काकू तिथेच होत्या म्हणून सहज विचारलं, काकू, बाबांच्या फ्रिजवर काय लावलेलं आहे हो? त्यांनी फोटो पाठवला. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर बाबांच्या अक्षरात गॅस, मग दूधवाला, मग नळाचा माणूस, मग इलेक्ट्रिशियन, त्याच्या नंबरावर दोनदा खाडाखोड, मग दादा, आणि सगळ्यात खाली मी. माझा नंबर जुना आहे, चार वर्षांपूर्वी बदललेला.

काकूंना लगेच नवा पाठवला. निळी टिक आलीये. चिकटवला की नाही अजून कळलं नाही.