तुम्ही विचारलंत म्हणून : काडतुसं घरी भरता येतील का?

‘सर, बाहेरच्या देशात लोक घरच्या घरी काडतुसं भरतात. आपण सुरुवात कुठून करायची?’ सोलापुरात मुलांना दहा मीटर एअर रायफल शिकवतो म्हटल्यावर हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणारे दोन तऱ्हेचे. एक म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य घेतल्यावर या खेळाकडे वळलेली पोरं. दुसरे बार्शी-मोहोळकडचे बागायतदार. घरात बारा बोअरच्या (छऱ्यांच्या) बंदुकीचा परवाना आहे, आणि आजोबा पितळी पुंगळ्या कशा भरायचे हे त्यांनी लहानपणी ऐकलेलं असतं.

उत्तर आधीच सांगतो. घरी काडतूस भरायला बसू नका. का ते सांगतो, आणि तुम्हाला त्यातून जे हवंय ते कुठं मिळेल तेही सांगतो.

काडतुसात चार गोष्टी असतात: पितळी पुंगळी, बुडाशी दारू पेटवणारी टोपी, आत बंदुकीची दारू आणि तोंडाशी गोळी. बार झाला की पुंगळी फुगून नळीला घट्ट बसते, त्यामुळे गॅस मागं येत नाही. लगेच ती थोडी आकसते म्हणून बाहेर निघते. टोपी, दारू, गोळी खर्ची पडते, पुंगळी उरते. तीच पुंगळी परत मापात आणून नव्यानं भरायची, असा तो उद्योग. ज्या देशांत कायद्यानं मुभा आहे तिथं हौशी नेमबाज ते वर्षानुवर्षं करतात. त्यात खरं कसब आहे, हे मी मोकळ्या मनानं मान्य करतो.

पण आपल्याकडचा कायदा वाचा. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये बंदूक बाळगण्याचा परवाना कलम ३ खाली येतो आणि शस्त्र किंवा दारूगोळा तयार करण्याचा कलम ५ खाली. पहिला हातात आहे म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही. शिवाय ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही धरलेली आहेत. म्हणजे ‘मशिन तेवढं मागवून ठेवतो, दारू नंतर बघू’ हा विचारसुद्धा अंगाशी येऊ शकतो. कलम ५ मोडून दारूगोळा बनवला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं कैद आहे, कमाल जन्मठेप. दारूसाठी स्फोटकांचा कायदा वेगळा, तो १८८४ पासूनचा. लेखी परवानगी हातात नसताना यातल्या कशालाही हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आजोबांचा काळ वेगळा होता.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी धोका उरतोच. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम आपण सगळे लांबून बघतो, ते उगाच नाही. बंद पुंगळीतली दारू तर हाताच्या पंजापासून वीतभर अंतरावर आणि डोळ्यासमोर पेटते. दारूचं माप जास्त झालं तर नळी फाटू शकते. कमी पडलं तर गोळी नळीतच अडकते, आणि ते लक्षात न येता पुढचा बार टाकला की नळी फाटायचा तोच धोका. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकायची ही गोष्ट नव्हे.

आता पोरांसाठी एक गंमत सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. स्वप्नीलनं पदक घेतलं ती ५० मीटरची स्पर्धा पॉइंट टू-टूच्या (०.२२ इंची) काडतुसांवर खेळतात. त्या काडतुसाला वेगळी टोपी नसतेच. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या काठात आतून पसरलेला असतो आणि घोड्याची पिन तो काठच चेपते. एकदा चेपला की पुंगळी संपली, ती परत भरायची सोयच नाही. एअर रायफल तर दाबलेल्या हवेवर चालते, तिला दारूच लागत नाही. म्हणजे ऑलिंपिकमधली रायफल आणि पिस्तूल खेळायला काडतूस भरता येण्याची कुठंच गरज पडत नाही. उरते फक्त बारा बोअरची क्ले नेमबाजी, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या फोडणं, आणि तिथंही स्पर्धक २४ ग्रॅम छऱ्यांची तयार काडतुसंच वापरतात.

मग तुम्हाला नक्की काय हवं असतं? मी पोरांना विचारतो तेव्हा एकच उत्तर येतं: आपल्या हातानं नीट जुळवलेली, भरवशाची गोळी. ते सुख एअर रायफलच्या छऱ्यात मिळतं. पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन बोअरच्या आणि छऱ्याची ऊर्जा २० जूलच्या आत असलेल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. घेताना ओळखपत्र द्यावं लागतं, तेवढं द्या.

स्पर्धेचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा, तोंडाला सपाट, कमरेत बारीक आणि मागं घागऱ्यासारखा पसरलेला. वजन साधारण अर्धा ग्रॅम. डबी उघडून पांढऱ्या कापडावर पसरा आणि खिडकीच्या उजेडात एकेक उचलून मागची कड बघा. जिथं कड दबलीय तिथं उजेडाची रेघ मोडलेली दिसते. तो छर्रा सरावाच्या डबीत टाका. बाकीचे काचेवर हळूच लोटा. नीट असलेला एकसारखं वळण घेत फिरतो, वाकडा अडखळतो. डोक्याचा व्यास ४.४९ की ४.५० हे डबीवर छापलेलं असतं. रायफल टेकूवर पक्की बांधून दोन्ही मापांचे दहा-दहा छर्रे कागदावर मारा, म्हणजे तुमच्या नळीला कुठलं माप मानवतं ते कळेल. निशाणाच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे हा खटाटोप वाया जात नाही. माझ्याकडची एक मुलगी रविवारी दुपारभर हेच करत बसते. तिचा चेहरा बघून मला कळतं की हिला खेळ लागलाय.

छर्रे शिशाचे असतात. हात साबणानं धुतल्याशिवाय भाकरी-शेंगाचटणीला बोट लावायचं नाही, आणि छर्रा ओठात धरायचा नाही. घरात लहान मूल असेल तर हे काम स्वयंपाकघरात नकोच.

दुसरी गोष्ट आपल्या उन्हाची. रायफलच्या सिलिंडरमध्ये बहुधा २०० बार (दाबाचं एकक) दाबाची हवा असते. पंचवीस अंशांवर भरलेली हवा पंचेचाळीसला साधारण २१३ बारवर जाते, आणि बंद गाडीत त्याच्याही पुढं. एप्रिल-मेमध्ये रायफल गाडीत ठेवून बाजारात जायचं नाही, आणि भरताना थोडी कमीच भरायची.

जागेचं म्हणाल तर दहा मीटरपेक्षा जरा लांब बोळ, जुन्या कारखान्याची शेड, वाड्याची पडवी, काहीही चालतं. समोर पक्की भिंत, तिच्यापुढं छर्रे अडवणारी जाड लोखंडी पेटी, आणि मधून कुणी येणार नाही असं दार. रोज छर्रा न भरता नुसता ट्रिगर ओढायचा सराव करा. सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत जास्त फरक त्यानंच पडतो.

बागायतदार मंडळींना एवढंच सांगणं आहे: आजोबांच्या पेटीत जुनी काडतुसं, दारू किंवा टोप्या निघाल्या तर उकलून बघू नका, वापरूही नका. पोलीस ठाण्याला कळवा, ते सांगतील तसं करा.

आणि पोरांनो, जुनी रायफल घेत असाल तर आधी सिलिंडरवर कोरलेल्या तारखेचा फोटो मागवा. सिलिंडरची मुदत, सहसा दहा वर्षं, उलटली असेल तर तो स्पर्धेत चालत नाही, नवा सिलिंडर घ्यावा लागतो. तो खर्च रायफलच्या भावातून वजा करून मगच बोलणी करा.