यंदा दबोरा कुणी म्हटली?
थंडी ओसरायला लागली आणि बाजारात वालाच्या शेंगा दिसू लागल्या की आमच्या घरी एकच विषय निघायचा: यंदा हाफ्तारा कोण म्हणणार?

अलिबागच्या इस्रायल आळीतली मागेन अबोथ ही आमची मशीद. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, सिनेगॉगला, आमच्या प्रार्थनाघराला, घरात मशीदच म्हणतो. दर शनिवारी, म्हणजे शब्बाथला, तिथे तोराचा, मोशेच्या पाच ग्रंथांचा, एक पराशा म्हणजे ठरलेला भाग वाचतात आणि त्याला जोडून नबींच्या ग्रंथांतला उतारा, तो हाफ्तारा. असं करत वर्षभरात सगळी तोरा वाचून होते. आम्हा मुलांचं वर्ष मात्र एकाच शनिवारावर टेकलेलं असायचं, तो म्हणजे शब्बाथ शिरा, गाण्याचा शब्बाथ. पराशा बेशल्लाह: पुढे समुद्र, मागे फारोचे रथ, मध्ये मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, मोशेच्या मागे निघालेली माणसं. हा शनिवार तू बिश्वातच्या, म्हणजे आमच्या एलियाहू हन्नाबी या नबीच्या उरुसाच्या सुमारास येतो. त्यामुळे मुंबईचे मामा-मावश्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडून शुक्रवारी दिवेलागणीच्या आत हजर व्हायचे. घरात पाय ठेवायला जागा नसे.

एका वर्षी प्रार्थना चालवणाऱ्या हझानकाकांनी मला तेब्यावर, वाचनाच्या चौथऱ्यावर, जवळ घेऊन सेफेर तोरा, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी, दाखवली. इतर ठिकाणी मजकूर सलग भरलेला, पण मोशेचं समुद्राचं गाणं आलं की ओळी भिंतीतल्या विटांसारख्या रचलेल्या. अक्षरं, मग मोकळी जागा, पुढच्या ओळीत त्या जागेखाली पुन्हा अक्षरं. काका म्हणाले, "बघ, समुद्र कसा दुभंगलाय." चांदीची याद, ओळी दाखवायची कांडी, चर्मपत्राला न टेकवता ते त्या मोकळ्या जागांवरून फिरवत होते. मग "अझ याशीर मोशे" सुरू झालं आणि सगळी मशीद उभी राहिली. ते उभं राहणं मला अजून पायांत जाणवतं.

आजी म्हणायची, आपल्याला हे गाणं जास्त लागतं. आमच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं, सात जोडपी वाचली, पोथ्या सगळ्या पाण्यात गेल्या, तोंडी राहिला तो फक्त शमा, एकाच देवाची ग्वाही देणारी प्रार्थना, ही कथा आमच्या प्रत्येक पोराला पाठ असते. मिसरातल्यांना समुद्राने वाट दिली, आमचं सगळं त्याने घेतलं. तरी त्याच किनाऱ्यापासून जेमतेम काही मैलांवर आम्ही दरवर्षी उभं राहून ते गाणं म्हणायचो. आजीचा आवाज बायकांच्या बाजूने सर्वांत वर यायचा.

हाफ्तारा मला मिळाला अकराव्या वर्षी. सेफेरमध्ये स्वरचिन्हं नसतात, त्यामुळे ते वाचन हझानकाकांचं. हाफ्तारा छापील पुस्तकातून, म्हणून तो मुलांच्या वाट्याला यायचा. आमच्या रिवाजात त्या दिवशी शोफेतीम म्हणजे शास्ते या ग्रंथाचा पाचवा अध्याय म्हणतात, दबोरा या नबी बाईचं गाणं. तोरात रथ समुद्रात बुडतात, इथे सीसरा या शत्रूच्या सेनापतीचं सैन्य किशोन नदी वाहून नेते. तिथे मोशेची बहीण मिर्याम डफ घेते, इथे दबोरा गाते. दोन महिने मी वहीत देवनागरीत उतरवून घोकत होतो. "उरी उरी देबोरा", ऊठ, ऊठ दबोरा, इथवर झकास गेलं. मग शेवटाकडे सीसराची आई खिडकीतून वाट बघते, याचा रथ अजून का येत नाही म्हणून. तिथल्या "वत्तेयब्बेव" या शब्दावर मी अडकलो. तीनदा प्रयत्न केला, घशातून आवाज फुटेना. काकांनी हळूच शब्द पुरवला आणि मी पुढे निघालो.

नंतर हातबोशी, एकमेकांचे हात हातात घेऊन बोटांचं चुंबन घेणं, चालू असताना, मनुकांच्या शरबताचा प्याला माझ्या हातात देत ते म्हणाले, "तो शब्द रडण्याचा आहे. रोश हशानाला, आपल्या नववर्षाला, शोफारचा म्हणजे एडक्याच्या शिंगाचा तेरूआ हा सूर कसा तुटक वाजवायचा, ते आपल्या गुरुजनांनी याच शब्दावरून ठरवलं." शत्रूच्या आईचं रडणं आपल्या शोफारमध्ये! त्या दुपारी मी आजीला हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. तिचा धाकटा मुलगा, माझा काका, तेव्हा इस्रायलच्या सैन्यात होता.

रविवारी सगळे खंडाळ्याला. घाटातलं नव्हे, आमचं अलिबागजवळचं, जिथे खडकावर एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या खुणा दाखवतात. परातीत मलिदा: भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर फळांच्या फोडी. "एलियाहू हन्नाबी" म्हणताना लहान मुलांचं लक्ष केवळ त्या परातीकडे.

आता आळीत दारं बंद असलेली घरंच जास्त. दहा पुरुष जमले तरच सेफेर बाहेर निघते, म्हणून शब्बाथ शिराच्या आधी आठवडाभर मी फोन करत बसतो. यंदा दहावा माणूस पेणहून आला, शुक्रवारी ऊन उतरायच्या आत. इस्रायलमधल्या डिमोनाहून बहिणीचा फोन आला तेव्हा तिने ख्यालीखुशालीआधी तेच विचारलं.

"मीच," मी म्हणालो. "वत्तेयब्बेवला अडकलो नाही."

"थांब," ती म्हणाली, "तेवढी ओळ म्हणून दाखव. पोरं ऐकतायत."