टॉवेल, चादर आणि बोअरचं पाणी : चार धुलायांची नोंद

सामान : दोन टेरी टॉवेल आणि एक चादर, तिन्ही सुती, सोलापुरातच विणलेली. तक्रार अशी की वाळल्यावर पापडासारखी कडक होतात, पांढऱ्या पट्ट्यांवर राखाडी झाक आली आहे, आणि टॉवेल पाणी टिपण्याऐवजी अंगावर नुसतं फिरवतो. नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून धुणं बोअरवर.

आधी निदान. काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बार साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका करतं आणि तो टॉवेलच्या लूपच्या (वर आलेल्या धाग्यांच्या फासांच्या) मुळाशी बसतो. पण प्रत्येक कडकपणा साक्याचा नसतो. वारा नसलेल्या जागी वाळलेल्या कापसाचे तंतू उरल्यासुरल्या ओलाव्याने एकमेकांना धरून बसतात. असा टॉवेल दोन्ही हातांनी चुरगाळला की मऊ पडतो. चुरगाळूनही मऊ होत नसेल आणि वर टाकलेला पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहत असेल, तर साका समजावा. कपडे मऊ करणाऱ्या कंडिशनरच्या थरावरही थेंब उभा राहतो, पण तो टॉवेल हाताला गुळगुळीत लागतो.

धुलाई १ : बोअरच्या पाण्यात धुण्याचा सोडा आणि टॉवेल एकदमच टाकले. इथे चुकलं. सोडा कॅल्शियमला खडूच्या रूपात खाली पाडतो, आणि बादलीत कपडा असेल तर तो खडू कपड्यावरच बसतो. गडद पट्ट्यांवर पांढरी भुकटी दिसली, कडकपणा वाढला.

धुलाई २ : पाणी आधी तयार केलं. २० लिटर कोमट पाण्याला स्फटिक सोडा २० ते २५ ग्रॅम. कोरडी भुकटी असेल तर ८ ते १० ग्रॅम पुरे, कारण स्फटिकांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. ढवळून अर्धा तास निवळू द्यायचं आणि तळाचं चार बोटं गढूळ पाणी सोडून वरचं दुसऱ्या बादलीत ओतायचं. कपडे धुण्याची पावडर नेहमीच्या निम्मी टाकली तरी भरपूर फेस आला. नवा साका बसला नाही, जुना मात्र हलला नाही.

धुलाई ३ : जुन्या साक्यासाठी १० लिटर पाण्यात १० ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड), टॉवेल अर्धा तास बुडवून. आम्ल साका फोडतं, कॅल्शियम पाण्यात उतरतं. साबणातली चरबी मात्र धाग्यावरच राहते. म्हणून टॉवेल खळबळून लगेच निवळलेल्या सोड्याच्या कोमट पाण्यात, पावडरसह धुवायचा. ही दुसरी पायरी गाळली तर तेलकट वास येतो आणि थेंब उभाच राहतो. लिंबूसत्त्व आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

धुलाई ४ : तिसरीचीच पुनरावृत्ती, फक्त शेवटचं खळबळणं साठवलेल्या नळाच्या पाण्यात. नळाचं पाणी थोडंच असेल तर ते इथेच खर्चावं. आता थेंब टाकताक्षणी जिरतो. राखाडी झाक कमी झाली, पूर्ण गेली नाही. चादर जाड, तिला आणखी एक फेरी लागणार. ओली चादर पिळू नये. अर्धी घडी घालून दोन दोऱ्यांवर टाकावी, म्हणजे वजनाने एका रेषेत ताणत नाही.

वाळवताना उन्हापेक्षा वारा महत्त्वाचा. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना रंगीत चादर उलटी करून सावलीतच टाकावी. टॉवेल टाकण्याआधी जोरात फटकारावा आणि अर्धवट वाळल्यावर पुन्हा एकदा. लूप निघाला तर ओढू नये, कात्रीने कापावा. ओढला की ओळच उसवते.

यातलं काहीही इरकली साडीवर करू नये. पदरात रेशीम असेल तर सोड्याने त्याची चमक जाते. तिला ८-१० रिठे रात्रभर दोन लिटर पाण्यात भिजवून, गाळलेलं पाणी गार वापरावं. आधी पांढरं फडकं ओलं करून लाल पदरावर मिनिटभर दाबावं. फडक्याला रंग लागला तर पदर वेगळा धरून धुवावा आणि साडी ओली गुंडाळून मुळीच ठेवू नये. मिठाने रंग पक्का होत नाही. मीठ रंगाईच्या कढईत रंगाला धाग्याकडे ढकलतं, सुटू लागलेला रंग बांधून ठेवत नाही.