भाऊबीजेचा अकराचा नाष्टा

भाऊबीजेच्या दिवशी आमच्या कोल्हापूरच्या घरी सकाळी अकरा वाजता एकच पंगत बसते. भाचेमंडळी तिला ब्रंच म्हणतात, आई उशिराचा नाष्टा म्हणते. नाव काहीही असले तरी त्यानंतर दुपारचे जेवण नसते. तीन बहिणी, तिघे दाजी, सहा भाचरे, आमच्याकडे राहणारी आत्या आणि आम्ही घरचे पाच जण अशी अठरा पाने होतात. ही वेळ आम्ही चार वर्षांपूर्वी ठरवून घेतली. त्याआधी दुपारी एकच्या सुमारास साग्रसंगीत जेवण होत असे, ते आटोपून भांडी निघेपर्यंत चार वाजत, आणि माझी पत्नी गडहिंग्लजला तिच्या भावाकडे पोहोचेपर्यंत दिवेलागण होऊन गेलेली असे. माझ्या बहिणींना माहेरपण मिळावे म्हणून जिने पहाटेपासून राबावे, तिच्या भावाने मात्र अंधार पडेपर्यंत पाटावर बसण्याची वाट पाहावी, हे मला सलत होते. म्हणून दुपारी दोनला ती घरातून निघालीच पाहिजे, एवढे आधी पक्के केले आणि त्या दोनपासून मागे मागे येत सगळ्या स्वयंपाकाची आखणी केली. स्वयंपाकही तेव्हापासून मीच करतो.

मागे येताना सर्वांत मोठी अडचण कळली ती शेगडीची. भाज्या चिरायला, ताटे मांडायला हात कितीही मिळतात. पण आमच्या शेगडीला तीनच बर्नर आहेत आणि त्यातला एकच मोठ्या पातेल्याच्या उपयोगाचा आहे. दहा ते अकरा या तासात मोठ्या बर्नरवर मिसळीचा कट, म्हणजे तिखट रस्सा, उकळणार, दुसऱ्यावर इडलीचे पात्र चढणार आणि तिसऱ्यावर चहा होणार, हे एकदा कागदावर लिहिल्यावर बाकीचा प्रत्येक पदार्थ त्या तासाच्या आधी तयार असला पाहिजे हे आपोआप ठरले. तेव्हापासून पदार्थ निवडताना मी प्रत्येकाबद्दल एकच गोष्ट पाहतो: थांबल्याने तो सुधारतो, तसाच राहतो की बिघडतो. पोहे आणि उप्पीट याच कारणाने आमच्या यादीतून गेले. दोन्ही मला मनापासून आवडतात. परंतु ते कढईतून थेट बशीत पडावे लागतात आणि अठरा माणसांसाठी तसे करणारा माणूस शेवटपर्यंत कढईपाशीच उभा राहतो.

मिसळ मात्र अशा सकाळीसाठीच जन्मली असावी. चार दिवस लाडू, करंज्या, शंकरपाळी खाऊन जिभेला तिखटाची ओढ लागलेली असते. शिवाय फरसाण वेगळे आणावे लागत नाही, कारण फराळाच्या डब्यांत चिवडा आणि शेव शिल्लक असतेच. तिच्यासोबत, तिखट न खाणाऱ्या आत्यासाठी आणि लहान मुलांसाठी इडली आणि गोडाला खपली गव्हाची खीर, असा आमचा बेत आता ठरून गेला आहे.

कटाची खरी तयारी एप्रिलमध्येच सुरू होते. आमच्याकडे जिला नुसते चटणी म्हणतात, ती वर्षाची कांदा-लसूण चटणी उन्हाळ्यात डंकावर कुटून आणली जाते. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी मिरची आम्ही निम्मी-निम्मी घेतो. आईच्या हाताचे हे प्रमाण मी बदललेले नाही. बरणीत तळाशी उरलेली चटणी दिवाळीपर्यंत मुरून अधिक खमंग झालेली असते, त्यामुळे भाऊबीजेपुरती अर्धा किलो चटणी मी गणपतीनंतरच वेगळ्या डब्यात काढून ठेवतो.

कट मी पाडव्याच्या संध्याकाळी करतो, मात्र पूर्ण करत नाही. दीड किलो कांदा उभा चिरून तेलात चांगला तांबूस होईपर्यंत परततो, पाव किलो सुके खोबरे भाजतो, त्यात लसूण, आले, तीळ, धणे आणि कोथिंबिरीच्या काड्या घालून बारीक वाटण करतो. मग सढळ तेलात हे वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परतून, आच अगदी मंद करून त्यावर चटणी घालतो. ही आच महत्त्वाची आहे, कारण तापलेल्या तेलात चटणी क्षणात करपते आणि करपलेल्या चटणीचा कडवटपणा पुढे कशानेही जात नाही. मिरचीचा रंग आणि तिखटपणा हे दोन्ही पाण्यात फारसे विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणून रात्रभर मुरलेल्या कटाला सकाळी जी तर्री येते, ती ताज्या कटाला येत नाही. या टप्प्यावर मी जेमतेम दोन-अडीच लिटर दाट रस्सा ठेवतो. त्याने फ्रीजमधील जागा वाचते आणि दुसऱ्या दिवशी मटकी शिजवलेले पाणी त्यात घालता येते. त्या पाण्यात मटकीची सगळी चव उतरलेली असते, ते मोरीत ओतणे मला पाप वाटते. सकाळी ते पाणी आणि वरून गरम पाणी घालून सहा लिटर कट होतो. अठरा माणसांना सहा लिटर जास्त वाटेल, पण कोल्हापुरात कट मागून घेतला जातो आणि मागितल्यावर नाही म्हणता येत नाही.

मटकीच्या बाबतीत मला एकदा मोठा फटका बसला. पहिल्या वर्षी वेळ वाचवायच्या नादात मी उसळ आदल्या रात्री दहा वाजता शिजवली आणि मोठ्या पातेल्यात झाकण लावून ओट्यावरच ठेवून दिली. सकाळी झाकण काढले तेव्हा वर फेस होता आणि आंबूस वास येत होता. सगळी उसळ टाकून द्यावी लागली आणि ऐनवेळी मोड आलेली मटकी मंडईत शोधत फिरावे लागले. कारण नंतर लक्षात आले: मोठ्या पातेल्याच्या मध्यभागाचे अन्न निवायला कित्येक तास लागतात आणि तेवढा वेळ कोमट राहिलेल्या अन्नात जिवाणू झपाट्याने वाढतात. तेव्हापासून शिजवलेला कोणताही पदार्थ मी परातीत किंवा लहान डब्यांत पसरून निववतो, घाई असेल तर ते डबे गार पाण्याच्या घमेल्यात ठेवतो, आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाकतो. मटकी मात्र आता आदल्या रात्री शिजवतच नाही. पाऊण किलो मटकी लक्ष्मीपूजनाच्या रात्री भिजत घालतो, पाडव्याच्या सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधतो, आणि रात्री नखाएवढे मोड दिसले की फ्रीजमध्ये ठेवतो. गारव्यात मोडांची वाढ थांबते. सकाळी आठ वाजता ती पंचवीस मिनिटांत शिजते. बटाटे तेवढे आदल्या रात्री सालीसकट उकडून ठेवतो, कारण गार बटाटा सुरीला चिकटत नाही आणि फोडी नीट पडतात.

खिरीबद्दल थोडे सविस्तर लिहायलाच हवे, कारण आधी करून ठेवण्यासाठी इतका सोयीचा गोड पदार्थ मला दुसरा माहीत नाही. अर्धा किलो सडलेला, म्हणजे कांडून कोंडा काढलेला, खपली गहू रात्रभर भिजवून पाडव्याच्या सकाळी कुकरमध्ये दाणा बोटाने सहज दबेल इतका शिजवतो, मग त्यात अर्ध्या किलोहून थोडा जास्त गूळ, ओले खोबरे, खसखस, सुंठ, वेलदोडे आणि जायफळ घालून मंद आचेवर अर्धा तास आटवतो. गूळ अर्थातच आपला. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळे पेटू लागत असल्याने कधीकधी या खिरीला नवा गूळ मिळतो. त्या वर्षी खिरीला वेगळाच वास येतो. रात्रभरात गव्हाच्या दाण्यात गूळ शिरतो आणि खीर घट्ट होते. या खिरीत दूध आधी घालायचे नाही, कारण गुळाबरोबर उकळताना दूध हमखास फाटते. वाटीत खीर वाढून त्यावर आधी तापवून गार केलेले म्हशीचे दूध आणि चमचाभर तूप घातले की झाले. खीर गारच चांगली लागते, त्यामुळे तिला सकाळी शेगडी लागत नाही, हा तिचा आणखी एक गुण.

इडलीसाठी सहाशे ग्रॅम तांदळाला दोनशे ग्रॅम उडीद डाळ आणि चमचाभर मेथ्या घेतो. त्यात चाळीसच्या आसपास इडल्या होतात. दिवाळीत रात्री गारठा पडू लागलेला असतो, म्हणून उन्हाळ्यात आठ तासांत फुगणाऱ्या पिठाला बारा ते चौदा तास द्यावे लागतात. संध्याकाळी सहाला वाटून, पातेले अर्धेच भरून मी ते ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवतो. खोबरे आदल्या रात्री खवून ठेवतो, पण चटणी सकाळीच वाटतो. ओल्या खोबऱ्याची चटणी फार लवकर आंबते.

बाकी कामे किरकोळ आहेत. लिंबे आणि कोथिंबीर धनत्रयोदशीलाच कपिलतीर्थ मंडईतून आणतो, नंतर त्या भागात पाय ठेवायला जागा नसते. ब्रेड पाडव्याच्या संध्याकाळी आणतो. पुण्याच्या दाजींना मिसळीबरोबर पाव लागतो, त्यांच्यासाठी एक लादी वेगळी असते. आम्हा बाकीच्यांना स्लाइसच हवा. कांदा मात्र सकाळी दहानंतरच चिरायचा, रात्रीचा चिरलेला कांदा उग्र होतो. ओवाळणीचे तबकही रात्रीच भरून देवघरात ठेवलेले असते: तुपात भिजवलेल्या वातीचे निरांजन, अक्षता, कुंकू, सुपारी आणि आईची अंगठी. सकाळच्या घाईत सुपारी सापडत नाही, हा अनुभव प्रत्येक घराला असेल.

गेल्या भाऊबीजेला सकाळी साडेआठला दाजी सगळ्या मुलांना घेऊन अंबाबाईच्या दर्शनाला आणि तिथून रंकाळ्यावर गेले, हेही आमच्या आखणीतच होते. बहिणी आईजवळ बसून बोलत होत्या; थोरली ताई दोनदा पदर खोचून स्वयंपाकघरात आली आणि दोन्ही वेळा तिला परत पाठवण्यासारखी स्थिती होती, कारण खरोखरच करण्याजोगे काही उरले नव्हते. पावणेअकराला तिघींनी मला ओवाळले. सव्वाअकराला अठराही पाने एकदम मांडली गेली आणि माझी पत्नी पहिल्या पंगतीला बसली. तिने कट दोनदा मागून घेतला. खिरीचा एक डबा भावासाठी भरून ती दोनला दहा मिनिटे असताना मुलांना घेऊन निघाली आणि साडेचारच्या आत तिचा फोन आला की ती पोहोचली आहे, उन्हे अजून अंगणात आहेत आणि भाऊ पाटावर बसला आहे.