पाणकणसाच्या पट्ट्यातली माती

त्या दिवशी फक्त हद्द पक्की करायची होती. पाणथळीच्या व्यवस्थापन आराखड्याचं काम एका रेषेपाशी अडलं होतं: आत काय धरायचं, बाहेर काय सोडायचं. हाताशी युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राचा जागतिक भूपृष्ठजल नकाशा होता. लँडसॅट उपग्रहांनी १९८४ पासून टिपलेल्या चित्रांवरून कुठे पाणी बारमाही, कुठे हंगामी, हे त्यात ३० मीटरच्या चौकोनागणिक दिसतं. हे साधन फुकट मिळतं आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

नकाशात उत्तरेकडचा पाणकणसाचा पट्टा कोरडा होता. "हा वगळू या," मीच म्हणाले.

सोबतचे काका तिथे कित्येक वर्षं मासे धरत आलेले. ते म्हणाले, "आधी आत पाय टाकून बघा, मॅडम."

चार पावलांत घोट्यापर्यंत पाणी आलं. ऑगर, म्हणजे माती काढायचं गिरमिट, फिरवून माती वर काढली, तर सडक्या अंड्यासारखा वास आणि निळसर राखाडी रंग. मुळांच्या कडेने मात्र गंजासारख्या नारिंगी रेघा. माती दीर्घकाळ पाण्याखाली राहिली की तिच्यातला प्राणवायू संपतो, लोहाचा तांबूसपणा जातो. मुळांतून थोडा प्राणवायू झिरपतो तेवढ्याच जागी गंज धरतो. असा रंग एका पावसात येत नाही. मी तिथेच, माती ओली असताना, मातीचे रंग ठरवायच्या मुन्सेलच्या रंगपुस्तिकेशी ताडून नोंद केली.

मग नकाशा का चुकला? तो उघडं पाणी शोधतो, आणि इथे पाणी पानांखाली होतं. संध्याकाळी सेंटिनेल-१ उपग्रहाची रडारचित्रं उघडली. उघडं पाणी रडारला आरशासारखं असतं. लहर पुढे निसटते आणि चित्रात काळं दिसतं. पण पाण्यात उभे दांडे असले की लहर पाण्यावरून दांड्यावर आदळून परत फिरते, आणि तोच भाग उजळतो. आमचा पट्टा पावसाळ्यानंतरच्या प्रत्येक चित्रात उजळलेला होता. ती चित्रं मी आधीही पाहिली होती, आणि उजळ म्हणजे कोरडं गवत असं धरून पुढे गेले होते. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण पाणथळींसाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या १९७१ च्या व्याख्येत तात्पुरतं पाणीसुद्धा येतं, आणि ती व्याख्या मला पाठ आहे.

दाट झाडांखालचं पाणी या रडारला नीट दिसत नाही. त्यासाठी लांब लहरीचं रडार हवं. जुलै २०२५ मध्ये सोडलेल्या निसार उपग्रहावर ते आहे, म्हणून त्याच्या चित्रांकडे माझं लक्ष लागलंय.

रात्रीच रेषा पट्ट्यापलीकडे सरकवली. त्याच्या कडेचा चर खोल करायचा प्रस्ताव होता, तोही काढून टाकला; त्या चराने पट्ट्यातलं पाणी ओढून नेलं असतं.

मातीचा एक गोळा टेबलावर ठेवला होता. सकाळपर्यंत हवा लागून त्याचा निळसरपणा जाऊन वरून तपकिरी झाला होता.