पन्नाशीनंतरचं काजळ: खाली नको, वर घाला

आमच्या भिशीत दर वेळी कोणीतरी विचारतंच, काजळ टिकत नाही गं, तासाभरात खाली उतरतं आणि डोळ्याखाली काळं काळं होऊन आजारी असल्यासारखं दिसतं, कुठल्या कंपनीचं घेऊ? मग पाच जणी पाच नावं सांगतात, कोणी स्मजप्रूफ म्हणते कोणी 24 तासवालं. माझं मत विचाराल तर कंपनी बदलून काही होणार नाही, जागा बदला.

खालच्या पापणीची जी आतली ओली कड असते ना, तिथे आपण कॉलेजपासून काजळ ओढत आलो. त्या कडेवर तेलाच्या बारीक ग्रंथींची तोंडं असतात, खालच्या पापणीत साधारण 20 ते 30 आणि वरच्या पापणीत थोड्या जास्त, त्यातून जे तेल येतं त्याचा थर अश्रूंवर बसतो म्हणून डोळा ओला राहतो. वय वाढलं, त्यातून पाळी गेली की हे तेल कमी होतं आणि डोळे कोरडे पडायला लागतात. कोरड्या डोळ्यांतून उलट पाणी जास्त येतं बरं का, आधी चुरचुरतं मग धार लागते, आणि मग काजळ काय, काहीही वाहून जाणारच की. त्यात त्या ग्रंथींच्या तोंडावरच रोज मेणचट पेन्सिल घासायची म्हणजे सकाळी चिपडं आणि मधूनमधून रांजणवाडी ठरलेली.

घरी केलेलं काजळ चालतं ना, हा पुढचा प्रश्न असतोच. एरंडेलाच्या दिव्यावर ताटली धरायची, काजळी खरवडून तुपात कालवायची, ते सगळं मीही लहानपणी बघितलंय आणि मला त्याचं कौतुकही आहे, पण डोळ्याच्या आत घालायला नाही म्हणजे नाही, ती काजळी आणि ते तूप काही निर्जंतुक नसतं. आणि यात्रेत नाहीतर दर्ग्याबाहेर मिळणारा सुट्टा सुरमा तर हातही लावू नका, पारंपरिक सुरमा ज्या दगडापासून करतात तो शिशाचा असतो.

तर जागा वरची. वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी, बाहेरच्या बाजूने. सलग रेघ ओढायची नाही कारण आता त्या कातडीला बारीक चुण्या असतात आणि रेघ त्यांच्यावरून अडखळत जाते, बोटाने कातडी कानाकडे ताणून ओढलीत तर ओढताना एकदम सरळ आणि बोट सोडलं की नागमोडी. म्हणून पेन्सिलचे ठिपके द्यायचे केसांच्या मधे मधे, आणि इअरबडने नाहीतर छोट्या ब्रशने ते हलकेच पुसट करायचे, त्यावर त्याच रंगाची थोडी आयशॅडो दाबली की पेन्सिल जागच्या जागी बसते. आरसा हातात घेऊन हनुवटीच्या खाली धरा, म्हणजे डोळे मिटावे लागत नाहीत, नुसती नजर खाली जाते आणि पापणी आपोआप सपाट होते. रंग गडद तपकिरी. काळा अगदी बंद करा असं मी म्हणणार नाही पण केस पांढरे झाले असतील तर तपकिरी किंवा राखाडी जास्त शोभतो, रेघ एकटीच उठून दिसत नाही.

मागे नाशिकला पुतण्याच्या लग्नात मोठ्या जाऊबाई माझ्यासमोर येऊन बसल्या, सत्तरीला टेकल्यात. "अगं, त्या पार्लरवालीने हिरवं फासलंय बघ, मी काय कैरी आहे का?" पैठणी हिरवी म्हणून डोळ्यांवर हिरवी चमचमती शॅडो, आणि ती सगळी पापणीच्या घडीत जाऊन बसलेली. मी म्हटलं, "वहिनी, डोळे उघडे ठेवा आणि सरळ माझ्याकडे बघा." त्यांच्या भुवईखालची कातडी सैल होऊन पापणीवर आलीय, म्हणजे डोळे उघडे असताना पापणी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी दिसते, तिथे काहीही लावा, आत गडप. हिरवं सगळं पुसलं, पापणीवर अगदी थोडा कन्सीलर, म्हणजे काळपटपणा झाकणारं कातडीच्या रंगाचं क्रीम, बोटाने थापला, आणि मॅट म्हणजे बिनचमकीची बदामी शॅडो घडीच्या किंचित वर लावली, डोळे उघडेच ठेवून, म्हणजे सैल कातडीची जी सावली पडते ती मागे गेल्यासारखी वाटते. बाहेरच्या कोपऱ्यात रंग कानशिलाच्या दिशेने वर न्यायचा, डोळ्याची खालची रेघ जिकडे उतरते तिकडे जाऊ द्यायचा नाही, नाहीतर चेहरा रडवेला दिसतो. मस्करा फक्त वरच्या केसांना, खालच्यांना नाही, कारण दुपारपर्यंत तो गालावर येतो. वहिनींनी आरशात बघितलं आणि म्हणाल्या, "काही लावलंयस असं वाटतच नाही." ही तक्रार होती की शाबासकी ते मला अजून कळलेलं नाही, फोटोत मात्र डोळे दिसतायत.

चमकदार शॅडो अजिबातच नको असंही नाही, आतल्या कोपऱ्यात टिकलीभर चालते. पण घडीवर नको, व्हिडिओवाल्याच्या लाइटमधे एकूण एक सुरकुती मोजता येते.

भुवया. आमच्या पिढीने थ्रेडिंग करून करून त्या दोऱ्यासारख्या केल्या आणि आता त्या परत येत नाहीत, तेव्हा पार्लरमधे फक्त इकडचे तिकडचे काढ म्हणून सांगा, आकार दे म्हणू नका. मधे विरळ असेल तिथे पेन्सिलने केसाएवढ्या छोट्या रेघा द्यायच्या, केसांच्या रंगापेक्षा एक शेड फिकी. आणि कृपा करून डोक्याचा डाय उरला म्हणून भुवयांना लावू नका! डायच्या पाकिटावर छापलेलंच असतं की भुवया किंवा पापण्यांना वापरल्यास अंधत्व येऊ शकतं, आपल्याकडे कायद्यानेच छापावं लागतं ते, फक्त इतक्या बारीक अक्षरात की चाळिशी लावल्याशिवाय वाचता येत नाही.

चाळिशीवरून आठवलं, चष्मा काढला की दिसत नाही आणि घातला की लावता येत नाही, हा आपला खरा प्रॉब्लेम. मोठं दाखवणारा आरसा घ्या आणि खिडकीकडे तोंड करून बसा, बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली नको. ऑनलाइन मेकअपचा चष्माही मिळतो, त्यात एकेक काच खाली पाडता येते, मला तो आवडला. प्लस नंबर असेल तर काचेतून डोळे मोठे दिसतात म्हणजे जे काही वेडंवाकडं असेल तेही मोठं दिसणार, तेव्हा पुसट करण्यात वेळ घालवा. मायनसवाल्यांचे डोळे काचेमागे बारीक दिसतात, त्यांनी रेघ थोडी ठळक ठेवली तरी चालेल.

काचबिंदूचे ड्रॉप्स चालू असतील तर एक गंमत माहीत असू द्या, त्यातल्या काहींनी, उदाहरणार्थ बायमॅटोप्रॉस्ट, पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात. अमेरिकेत तर 2008 मधे तेच औषध पापण्यांचे केस वाढवायला म्हणून मंजूर झालं. पण त्याने डोळ्याभोवतीची कातडीही काळवंडू शकते, तेव्हा कन्सीलर बदलत बसण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि कोणाचं तरी बघून नुसत्या पापण्यांसाठी ते ड्रॉप्स आणू नका. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही आठवडे डोळ्याला काहीच लावायचं नसतं, किती ते डॉक्टर सांगतील. आणि त्यानंतर जुना मस्करा परत काढायचा नाही, नवीन घ्यायचा. तसाही मस्करा उघडल्यापासून तीन महिन्यांनी टाकून द्यायचा असतो, ती कांडी रोज आत-बाहेर होते आणि आतल्या ओलीत जंतू वाढतात. सुकला म्हणून त्यात पाण्याचे नाहीतर गुलाबजलाचे थेंब घालणाऱ्या बायका माझ्या ओळखीत आहेत, त्या हे वाचतायत हेही मला माहीत आहे.

रात्री काढताना घासायचं नाही, तिथली कातडी फार पातळ असते. खोबरेल तेलात नाहीतर मायसेलर वॉटरमधे (मेकअप काढायचं पाणी मिळतं ते) कापूस भिजवून मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट नुसता ठेवायचा, मग अलगद खाली ओढायचा. तेल डोळ्यात जाऊ देऊ नका, थोडा वेळ धूसर दिसतं. मग कोमट पाण्याने धुऊन टाका. जाऊबाईंनी लग्नाच्या रात्री साबणाने खसाखसा धुतलं आणि सकाळी लाल डोळ्यांनी मला फोन, "तुझ्या त्या बदामीने झालंय." आता सत्तरीच्या मोठ्या जावेला काय बोलणार, हो म्हटलं.