वद्य पंचमी, ओहोटी दहाला

माघ वद्य पंचमी, हरिहरेश्वर

देवळामागच्या डोंगराला समुद्राच्या बाजूने घालायच्या प्रदक्षिणेला पंचमी निवडली ती मुहूर्तासाठी नव्हे, पाण्यासाठी. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारला भरती, त्यात सव्वासहा तास मिळवले की दहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने हुकतो, म्हणून मोबाइलवरच्या कोष्टकाशी ताडून घ्यायचा. लहान मुलं बरोबर असली की चतुर्थी ते षष्ठी हे दिवस बरे. अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी, असतो. पाणी हवं तितकं मागे हटत नाही आणि ओहोटी येते भर बाराच्या उन्हात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी लांब जातं खरं, पण पहाटे आणि तिन्हीसांजेला. पावसाळ्यात तर नावच काढू नये.

दर्शनाचा क्रम ठरलेला: आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव. नऊच्या आत देवळामागच्या पायऱ्या चढायला लागावं. चढ सोपा आहे. खरी जागा त्यापुढची: दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून थेट समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्या. त्या उंच आहेत, एकसारख्या नाहीत, आणि खालच्या ओल्या असतात. एक मोठं माणूस मुलाच्या खाली, एक वर. मुलाने बसून, एकेक पायरी सरकत उतरायचं. हात धरून उतरवलं की उलट होतं: मुलाचा पाय घसरला की मोठ्याचाही तोल जातो.

उतरण्याआधी वरच दहा मिनिटं थांबून लाटा पाहाव्यात. सगळ्या लाटा सारख्या नसतात. पाच-दहा बारक्या येऊन गेल्यावर एखादी दांडगी येते, ओहोटीतसुद्धा. ती खडकावर कुठवर चढते ते बघायचं. वाटेवर पाणी आलं तर परत फिरायचं, देवळात घंटा वाजवून भजी खायची. हा निर्णय वरच घ्यावा, कारण खाली गेल्यावर परतीला पुन्हा तोच चढ. इथे माणसं वाहून गेली आहेत. देवळापाशी कुणी ‘आज नको’ म्हणालं तर वाद घालू नये.

खाली डोंगराच्या पायथ्याने सपाट खडप, म्हणजे खडकाळ किनारा, आहे. कोरडा, खरखरीत खडक धरून चालायचं. हिरवं शेवाळ दिसलं की वळसा, आणि काळपट चकचकीत दिसलं तरी वळसाच. कालवं चिकटलेल्या खडकावर हात टेकला तर ब्लेडसारखा कापतो. मागे पट्टा असलेले रबरी तळाचे सँडल घालावेत. चपला डबक्यात राहतात. काहींना प्रदक्षिणा अनवाणीच करायची असते. मोठ्यांनी खुशाल करावी, मुलांना त्यात ओढू नये.

कड्याला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली दिसतात. ‘कोणी खणली?’ हा प्रश्न येणारच. उत्तर मीठ. तुषार खडकात मुरतात, उन्हाने पाणी उडतं, आत मिठाचे खडे धरतात आणि फुगून खडकाचे कण सुटे करतात. एकदा खळगा पडला की त्यात ओल टिकते, म्हणून तो आणखी खोल होत जातो. भोकात बोट घालून फिरवलं तर बारीक रेती हाताला लागते. मुलांना हे करू द्यावं. डबक्यात शंख चालताना दिसला तर आत खेकडा आहे. उचलायचा नाही, नुसतं उकिडवं बसायचं. मिनिटभरात पाय बाहेर काढतो. उकिडवं बसताना मात्र तोंड समुद्राकडे. फोटोसाठी समुद्राकडे पाठ करून उभं करणं ही सगळ्यात वाईट सवय.

दर मुलामागे पाऊण लिटर पाणी, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू. केळी नको, पिशवीत काला होतो. चार-पाच वर्षांचं मूल अशा खडकावर तासाला किलोमीटरभर जातं, डबक्यांपाशी रेंगाळणं धरून. अकराला खडक संपवून सगळ्यांचे पाय वाळूत हवेत. ओहोटीनंतरचा पहिला तास पाणी हळू चढतं, म्हणून माणसं फसतात. एकूण चढावाचा निम्मा भाग तिसऱ्या-चौथ्या तासात येतो.

संध्याकाळी सँडल गोड्या पाण्यात बुडवून ठेवले. मीठ वाळलं की बक्कल गंजतं.

पुढची सोयीची तिथी: फाल्गुन शुद्ध चतुर्थी किंवा पंचमी. तोवर ऊन चढेल, टोप्या जास्त लागतील.